गाळा नंबर असलेल्यांचा इतिहास

चिपळूणहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

“ताई, मी इथल्या एका म्हाडा वसाहतीत राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि आमच्या सोसायटीची सचिवही. वसाहत १९८०च्या दशकातली. पुनर्विकासाचं जवळजवळ ठरलंय, दोन-तीन वर्षांत इमारती पडतील. त्याआधी वसाहतीचा इतिहास लिहून निघावा असं मनात आहे. प्रश्नांचा फॉर्म छापून मी घरोघर वाटला. मोजकेच परत आले, त्यातही नाव आणि गाळा नंबर एवढंच भरलेलं. सभा लावली तर आमचे जुने अध्यक्ष पाऊण तास बोलले, बाकीचे चहा पिऊन गेले. बायकांनी तोंड उघडलं नाही. एक आजी म्हणाल्या, ‘बाय माजे, आमचा कसला इतिहास? इतिहास गावाला असतो.’ पूर, पुरानंतरची मदत, पाण्याच्या टाकीवरून एलआयजी (अल्प उत्पन्न गट) आणि एमआयजीवाल्यांत (मध्यम उत्पन्न गट) झालेलं भांडण, हे विषय निघाले की सगळे गप्प. विकासक म्हणतो, पुस्तकाचा खर्च मी करतो. लोकांना यात आणायचं कसं? की मीच माहिती काढून लिहून टाकू? आणि पुस्तकावर नाव कुणाचं घालायचं?”

प्रिय सचिवबाई,

एकट्यानं लिहून टाकू नका. तुम्ही लिहिलंत तर पुस्तक नीटनेटकं होईल, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका नसतील. प्रकाशनाच्या दिवशी लोक टाळ्या वाजवतील, प्रत घरी नेतील आणि शोकेसमध्ये ठेवतील. त्या पुस्तकावरून कुणी भांडायला तुमच्या दारात येणार नाही, आणि खरी काळजी तीच आहे. स्वतःचा इतिहास चुकीचा छापला गेला तर माणूस भांडायला येतो. दुसऱ्याच्या पुस्तकावर कोण भांडतंय?

आता तुमच्या फॉर्मविषयी. सरकारी योजनेतलं घर घेतलेल्या माणसाच्या नजरेनं तो कागद बघा. वर नाव, खाली गाळा नंबर, शेवटी सही. या माणसानं आयुष्यभर असेच कागद भरले आहेत: उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, हमीपत्र. आणि प्रत्येक कागदाच्या शेवटी कुणीतरी त्याला पात्र किंवा अपात्र ठरवलं आहे. आता ऐन पुनर्विकासाच्या तोंडावर सोसायटीची सचिवच विचारते, “तुम्ही इथे कधीपासून राहता? मूळ गाळेधारक कोण?” तुम्हाला यात इतिहास दिसतो. त्याला पात्रता यादी दिसते. वसाहतीत कुणी गाळा मुखत्यारपत्रावर घेतलेला असतो आणि नावावर करायचा राहिलेला असतो. कुणी भाडेकरू ठेवलेला असतो. कुणी गॅलरी बंद करून खोली काढलेली असते. कुणाचा भाऊ मुंबईहून येऊन हिस्सा मागत असतो. ही माणसं तुमचा फॉर्म कोरा परत देतात, यात उदासीनता नाही, शहाणपण आहे.

म्हणून पहिलं काम हे की, सोसायटीच्या दप्तराशी या कामाचा काडीचा संबंध ठेवू नका. तुम्ही सचिव आहात, सभासद नोंदवही तुमच्या कपाटात आहे, त्यामुळे जमा होणाऱ्या आठवणी तुमच्याकडे नकोत. त्या ठेवायला कार्यकारिणीत नसलेलं, सगळ्यांचा विश्वास असलेलं माणूस शोधा. वसाहतीत असं एखादं माणूस असतंच, बहुतेकदा निवृत्त कंपाउंडर किंवा बालवाडीच्या बाई. नोटीस बोर्डावर चार ओळी लावा: ही माहिती पुनर्विकासाच्या कोणत्याही यादीसाठी वापरली जाणार नाही, ज्यानं सांगितलं त्याला छपाईपर्यंत ती मागे घेता येईल. आणि ते पाळा. एकदा जरी कुणाची आठवण कार्यकारिणीच्या बैठकीत कुणाच्या विरोधात काढली गेली, तर कामाचा तिथेच निकाल लागला.

फॉर्मऐवजी काय? प्रश्नच लोकांना ठरवू द्या. पाच-सात जणांचा एक गट करा, आणि त्यात सगळे मूळ गाळेधारक घेऊ नका. एलआयजीतलं एक घर, एमआयजीतलं एक, मागाहून विकत घेतलेलं एक, एक भाडेकरू, जिनं इथल्या चार-पाच घरांची धुणीभांडी केली आहेत ती बाई आणि कॉलेजातली दोन पोरं. त्यांना विचारा, “या वसाहतीबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?” मग तुमच्या यादीत नसलेले प्रश्न येतील. विहीर कुणी बुजवली? मागच्या कुंपणाची वाट बंद का झाली? त्या कोपऱ्यातल्या गाळ्यात कुणी टिकत का नाही? यातले काही फालतू निघतील, निघू द्यात. फालतू प्रश्नावर लोक बोलायला लागतात, “वसाहतीच्या जडणघडणीतील आपले योगदान” यावर कुणी बोलत नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. शिकागो शहरात जेन अ‍ॅडम्स होम्स नावाची १९३८ साली उघडलेली सरकारी वसाहत होती. तिथली पाडापाडी सुरू झाली तेव्हा एक तरी इमारत राखा, आमची गोष्ट आम्हीच सांगू, असा आग्रह तिथल्या रहिवाशांनी धरला. पुष्कळ वर्षं गेली, पण उरलेल्या एकुलत्या इमारतीत २०२५च्या एप्रिलमध्ये सार्वजनिक घरांचं संग्रहालय उघडलं. तिथे लोकांच्या घरातल्या साध्यासुध्या वस्तू मांडल्या आहेत आणि त्यांच्याखालचा मजकूर वस्तू देणाऱ्यांनी स्वतः लिहिला आहे. ही शेवटची गोष्ट तुमच्या कामाची. वस्तूपासून सुरुवात करा.

तुमच्या वसाहतीत घरोघर कुठेतरी, बहुतेक पत्र्याच्या ट्रंकेत किंवा देवघराच्या खणात, वितरणाचं पत्र आहे. ताबापत्र आहे. हप्त्यांच्या पावत्या आहेत. १९७६च्या कायद्यानं म्हाडाची स्थापना झाली आणि १९७७च्या डिसेंबरात ती कामाला लागली, म्हणजे तुमची वसाहत तिच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८च्या जानेवारीत. त्याआधी मुंबईच्या कार्यालयात एका सहीसाठी जायचं म्हणजे रात्रीची एसटी, आणि घाटातल्या वळणांवर कागदांची पिशवी मांडीवर धरून जागायचं. “ताबापत्र दाखवा” म्हणू नका, लोक पुन्हा बिचकतील. “चावी आणायला कोण गेलं होतं?” असं विचारा. उत्तरात सगळं येतं: कुणाकडून पैसे उसने घेतले, मंगळसूत्र गहाण पडलं का, सासूचा विरोध होता का, पहिल्या रात्री घरात दिवा होता की नव्हता.

आणि हो, कागदांचे फोटो काढायचेच असतील तर ते घरमालकाच्याच मोबाइलवर काढा, त्यानं स्वतः पाठवले तर घ्या. कागद एक दिवसासाठीसुद्धा घराबाहेर नेऊ नका. वसाहतीचा मूळ आराखडा हवा असेल तर म्हाडाच्या कोकण मंडळाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. लोकांच्या नावांची यादी मागू नका, ती खासगी माहिती म्हणून नाकारली जाईल आणि तुम्हाला ती लागणारही नाही.

आता त्या आजी. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्यांचं वाटलं. इतिहास गावाला असतो, हे त्या उगाच म्हणालेल्या नाहीत. कोकणात इतिहास म्हणजे गावऱ्हाटी. ग्रामदेवता, पालखी, तिचे मानकरी, पालखी कुणाच्या दारी आधी जाते हे. कुणाचा मान कितवा, यावर पिढ्यानपिढ्या कोर्टकज्जे झालेले आहेत. तुमच्या वसाहतीला ग्रामदेवता नाही, मान नाही. शिमग्याला आणि गणपतीला अर्ध्या दारांना कुलपं असतात. माणूस चाळीस वर्षं गाळ्यात राहतो आणि पत्ता विचारला की म्हणतो, “आम्ही मूळचे गुहागरचे.” अशा माणसाला त्याच्या वसाहतीचा इतिहास विचारला तर त्याला ते एसटी स्टँडचा इतिहास विचारल्यासारखं वाटणार.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. गावात ज्यांना मान होता त्यांच्यासाठी गावाचा इतिहास गोड. ज्यांना पालखीला हात लावायची मुभा नव्हती त्यांचं काय? गावातली वाडी जातीनं ठरते: कुणबीवाडी, बौद्धवाडी, ब्राह्मणवाडी, तेलीवाडी, मोहल्ला. पाणी वेगळं, वाट वेगळी, मसणवटाही वेगळा. वसाहतीत मात्र शेजार अर्जाच्या क्रमानं किंवा सोडतीतल्या चिठ्ठीनं ठरला. खेडच्या कुणबी कारकुनाच्या भिंतीला भिंत लावून बौद्ध शिक्षक आला, समोर एसटीतले चाचा आले, वरच्या मजल्यावर कोल्हापूरकडचे ग्रामसेवक. एक जिना, एक टाकी, एक नळ. दक्षिण कोकणात असं घडायला सरकारी वसाहती आणि क्वार्टर्स याव्या लागल्या. तुमच्या वसाहतीचा इतिहास मला तरी इथेच दिसतो. पहिल्या वर्षी कुणी कुणाकडचं पाणी प्यायलं नाही, मग केव्हा प्यायलं, कशामुळे? ईदचा शीरखुर्मा आणि गणपतीतले मोदक जिन्यात एकमेकांना भेटायला किती वर्षं लागली? की अजून भेटलेच नाहीत? तेही लिहा. सगळे गुण्यागोविंदानं राहत होते, असं छापून मोकळं होण्याचा मोह होईल. स्मरणिकेत तसंच छापतात, आणि म्हणून स्मरणिका कुणी वाचत नाही.

या आठवणी सभेत निघणार नाहीत. घरात, एकटं असताना, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतील. आणि ज्यांनी भोगलं त्यांना आधी विचारा. ज्यांनी पाळलं ते मागाहून सांगतील, काही जण तर न विचारताही सांगतील, कारण म्हातारपणी ते टोचतं.

आणखी एक. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांचा जमिनीवरचा वतनी हक्क, १९४९च्या कायद्यानं गेली. त्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ सालीच मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं होतं. पण कायदा झाला म्हणून प्रत्येक कुळाच्या नावावर जमीन लागली असं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आजोबांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. अशा घरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात आलेलं वितरणपत्र हा त्या घराण्यातला मालकीचा पहिला कागद. आजींना हे भाषणातून पटवू नका. त्यांना एवढंच विचारा, “तुमच्या सासऱ्यांच्या नावावर काय होतं?” मग गप्प बसा.

बायका सभेत बोलल्या नाहीत, कारण सभा संध्याकाळी सातला होती, असा माझा अंदाज. सातला कुकर लावायचा असतो. दुपारी दोन ते चार ही त्यांची वेळ. त्याहून चांगली वेळ एप्रिल-मेमधली गच्ची: फणसाचे पापड, आमसुलं, कुळीथ, सगळं उन्हात असतं आणि राखण करायला कुणीतरी बसलेलं असतं. हळदीकुंकवाला जोडून कार्यक्रम करा असं तुम्हाला कुणी तरी सुचवेलच. करू नका. विधवा येणार नाहीत, चाची येणार नाहीत, बौद्ध घरांतल्या बायका बहुतेक येणार नाहीत, आणि तुमच्या इतिहासातून पहिल्याच दिवशी निम्म्या बायका गळतील.

गच्चीवर जाताना प्रश्न नेऊ नका, कागद न्या. मोठा ड्रॉइंग पेपर, चार-सहा चिकटवून वसाहतीचा ढोबळ नकाशा काढा, इमारतींचे चौकोन आणि रस्ता एवढाच. बाकीचं त्यांना भरू द्या. जुना नळ कुठे होता, पहिला टीव्ही कुणाकडे आला आणि रविवारी किती पोरं तिथे जमायची, कुठल्या जिन्यात मुली संध्याकाळनंतर जात नसत, आंबा कुणी तोडला, भजन कुणाच्या ओटीवर बसायचं. नकाशावर बोट ठेवलं की माणूस बोलतो, आणि दुसरी लगेच म्हणते, “गे बाय, थय नाय, ह्या अंगाला!” (तुमच्याकडे मालवणी सून असणारच.) हा वाद रेकॉर्ड करा. त्यातच सगळं आहे.

नकाशावर एक खूण मात्र आवर्जून मागा. पाणी कुठवर आलं होतं?

२६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१. चिपळुणात ज्याला इतिहास आठवत नाही त्यालाही या दोन तारखा आठवतात. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन रेषा असतात, निळी आणि लाल. पंचवीस वर्षांतून एकदा येण्याइतक्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येण्याइतक्या पुराची लाल. २०२१नंतर या रेषांवरून शहरात किती वाद झाला ते तुम्ही पाहिलंय, कारण बांधकामाची परवानगी त्यांच्यावर ठरते. पण प्रत्यक्ष पाणी कुठल्या पायरीपर्यंत, कुठल्या खिडकीच्या कितव्या गजापर्यंत आलं, हे खात्यापेक्षा तळमजल्यावरच्या वहिनींना नक्की माहीत असतं. इमारती पाडल्या की त्या भिंतींवरच्या खुणा जातील. त्या आधी मोजा. टेप लावा, फोटो काढा, कुणाच्या सांगण्यावरून मोजलं ते लिहा, तारीख घाला. नव्या इमारतीचं जोतं किती उंच हवं, मीटर आणि पंप कुठे बसवायचे, हे ठरवताना हाच कागद विकासकाच्या अभियंत्यासमोर ठेवता येईल. पोरांना या कामावर घाला, त्यांना माणसांच्या मुलाखतींपेक्षा मोजमाप आवडतं.

पुराच्या रात्रीबद्दल विचारताना मात्र थांबून. “त्या रात्री काय झालं” असं थेट विचारू नका. पुराआधी घर कसं मांडलेलं होतं तिथून सुरू करा, माणूस त्याच्या वेगानं रात्रीपर्यंत येईल, नाहीतर येणार नाही. आलाच नाही तर ओढू नका. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. तिथल्या पुनर्वसनाची घरं बांधायचं काम म्हाडानंच घेतलं. तिथलं कुणी हे वाचत असेल तर त्यांना माझं सांगणं वेगळं असेल: तुम्ही आधी नव्या घरांबद्दल बोला, जुन्या वाडीबद्दल जेव्हा जमेल तेव्हा.

पुरानंतरची मदत आणि टाकीचं भांडण. यात तुम्ही न्यायाधीश होऊ नका. कुणाला सानुग्रह अनुदान मिळालं, कुणाचं नाव पंचनाम्यात राहिलं, कुणी दोनदा घेतलं, यातली नावं छापायची गरज नाही. पण मदतीवरून जिन्यातलं बोलणं बंद झालं आणि ते दीड वर्ष बंद राहिलं असं झालं असेल तर ते यायला हवं. टाकीच्या भांडणाचं तर मी दोन्ही बाजू समोरासमोर छापेन. डाव्या पानावर एलआयजीवाल्यांचं, उजव्या पानावर एमआयजीवाल्यांचं, खाली तुमची टीप नाही. दोघांनाही दुसऱ्याचं पान छपाईआधी वाचून दाखवा. आरडाओरडा होईल. होऊ दे, चाळीस वर्षांत पहिल्यांदा दोघं एकमेकांचं पूर्ण ऐकतील.

जुन्या अध्यक्षांना टाळू नका. ज्या माणसानं वसाहतीला रस्ता आणि दिवे आणण्यासाठी चपला झिजवल्या, तो पाऊण तास बोलणारच. त्यांचं बोलणं सभेत नको, एवढंच. त्यांच्या घरी दोन-तीन बैठका घ्या, पूर्ण रेकॉर्ड करा, त्यांच्याजवळच्या फायलींची यादी त्यांच्याकडूनच करून घ्या. चिपळूणच्या दैनिकांच्या जुन्या अंकांत वसाहतीच्या बातम्या शोधायचं काम द्या, त्यांना ते जमेल आणि आवडेलही. मग त्यांनी सांगितलेलं गटापुढे वाचा. “काकांनी सांगितलंय की नळ त्यांनी आणला” असं वाचलं की तीन बायका एकदम उठतील आणि हंडा मोर्चाचं सांगतील. काकांचं म्हणणं खोटं ठरत नाही, त्याला शेजार मिळतो.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. मोबाइल समोर दिसेल असा ठेवा, लपवून कधीच नाही. पंखा बंद, फोन विमान मोडवर, आणि जुलैत पत्र्याखाली बसू नका, पावसाशिवाय काही ऐकू येणार नाही. लिहून काढताना बोली इस्त्री करू नका. संगमेश्वरी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी “मी त्यावेळी अत्यंत भारावून गेलो” घातलंत तर तो स्वतःलाच ओळखणार नाही. तुम्ही शिक्षिका आहात, तुमचा लाल पेन शिवशिवेल, तो घरी ठेवा. लिहून झालेलं ज्याचं त्याला वाचून दाखवायचं, आणि तो म्हणेल ते काढायचं, कितीही सुंदर असलं तरी. हा नियम तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे. पण दोन माणसांनी त्यांचा मजकूर काढायला लावला आणि तुम्ही खरंच काढला, ही बातमी वसाहतभर जाते आणि गप्प बसलेली माणसं त्यानंतर बोलायला येतात. लिहून काढायचं काम वसाहतीतल्या पोरापोरींना द्या आणि त्याचे पैसे द्या. तासभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास जातात, ते फुकट करून घेऊ नये.

वसाहत सोडून गेलेल्यांना विसरू नका. चिपळूणजवळच्या अलोऱ्याचं काय झालं ते तुम्ही जवळून पाहिलंय. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याबरोबर भरलेली वसाहत, काम सरलं, बदल्या झाल्या, क्वार्टर्स ओस पडल्या. तिथे वाढलेली मुलं आज राज्यभर विखुरली आहेत. मुंबईत बीडीडी चाळींचंही तेच होत आलंय. १९२०च्या दशकात बांधलेल्या, एकशे साठ चौरस फुटांच्या त्या खोल्यांत कोकणातले किती चाकरमानी राहून गेले. वरळीला नव्या घरांच्या पहिल्या चाव्या २०२५च्या ऑगस्टमध्ये दिल्या गेल्या, जुने जिने एकेक करून जात आहेत. तुमच्या आजींचं माहेर किंवा दीर त्या चाळींत असेल तर विचारा. वसाहतीत आल्यावर कपडे कुठे वाळत घालायचे, दार किती वेळ उघडं ठेवायचं, या सवयी बऱ्याचदा तिथून आलेल्या असतात.

विकासकाचे पैसे घेऊ नका. माणूस भला असेल, हेतू चांगला असेल, तरी नको. ज्या पुस्तकात भिंतीची चीर, तळमजल्यावरचं पाणी, पहिल्या विकासकानं दिलेलं आणि न पाळलेलं वचन यायचंय, त्याचा खर्च पुढच्या विकासकानं करू नये. तो काही काढायला सांगणारही नाही, तुमच्याच हातून ते सौम्य होईल. शिवाय गुळगुळीत कागदावरचं जाड पुस्तक हवंय कशाला? घरटी वर्गणी काढा, परवडेल तेवढी, आणि ज्याला नाही परवडत त्याची नोंदसुद्धा करू नका. साधी छपाई, नाहीतर झेरॉक्स आणि स्पायरल. एक प्रत प्रत्येक गाळ्याला, भाडेकरूलाही. एक प्रत लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात द्या. १८६४ पासूनचं ते वाचनालय, २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांनी त्याचं किती नुकसान केलं हे गावाला ठाऊक आहे, म्हणून रेकॉर्डिंगच्या प्रती पुण्या-मुंबईच्या दोन-तीन घरांतही ठेवा. तुमच्या वसाहतीतली प्रत तळमजल्यावर नको, हे सांगायला नको.

शेवटी नावाचं. मुखपृष्ठावर वसाहतीचं नाव. आत ज्याचं बोलणं त्याच्याखाली त्याचं नाव, बायकांच्या नावांपुढे “श्री. अमुक यांच्या पत्नी” नको. ज्याला नाव नकोय त्याच्यासाठी त्यानंच निवडलेलं दुसरं नाव. नकाशा काढणारे, मोजणारे, लिहून काढणारे, सगळ्यांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत. तुमचं नाव त्याच यादीत, आडनावाच्या क्रमानं जिथे येईल तिथे. आणि तुमची स्वतःची आठवणही त्यात हवी. ती सगळ्यात शेवटी सांगा, गटातल्या कुणाला तरी रेकॉर्ड करू द्या आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्या.

सुरुवात मे महिन्यात करा. वसाहतीत वाढलेल्या लेकी तेव्हा माहेरी असतात, मुंबईची मुलं आंब्यांसाठी चार दिवस येतात आणि दुपारी त्यांना काही काम नसतं. जूनपासून गणपतीपर्यंत घरोघरच्या मुलाखती, पावसात माणसं घरी सापडतात. गणपतीच्या पंधरवड्यात काही ठरवू नका, कुणी भेटणार नाही. वाचून दाखवायचं काम दिवाळीनंतर, आणि त्याला तुम्हाला वाटतंय त्याच्या दुप्पट वेळ धरा.